रोज चार वाजता हसरा चेहरा

मी चौथी पास आहे. तेव्हाची चौथी. बोट ठेवून, अक्षर अक्षर जोडून वाचतो, पण वाचतो. पेपर वाचतो, सातबारा वाचतो, तलाठ्याने काही चुकीचं लिहिलं असेल तर ते काढून दाखवतो. म्हणून म्हाताऱ्याला फोन वाचता आला नाही असं कोणी म्हणू नये. मला सगळं वाचता येत होतं. वाचून मी जे केलं, ते लिहितो आहे.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्या घरी आली होती. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. सव्वा महिना झाला की सासरचे न्यायला येतात, आणि आले की चहाच्या आधी पोरीकडे पाहतात. गाल भरले का, रंग उजळला का, चालते कशी. त्यावरून बापाचं घर कसं ते ठरतं. आमच्या रनाळ्यात अशी दोन-तीन घरं आहेत, ज्यांच्याबद्दल लोक अजून बोलतात की त्यांची पोर माहेराहून सुकून गेली होती. माझ्या घराबद्दल तसं कोणी बोललेलं नाही, आणि मी बोलू देणार नव्हतो.

तयारी मी स्वतः केली होती. डिंक आणायला अक्कलकुव्याच्या बाजारात गेलो. डोंगरातली माणसं घेऊन येतात तो डिंक, एकेक खडा उजेडात धरून निवडला. बाजेखालच्या शेगडीसाठी बाभळीची लाकडं पावसाळ्याआधीच फोडून, वाळवून ठेवली होती. तूप घरच्या गाईचं. कमी काहीच नव्हतं. हे मी सारखं म्हणत होतो, आणि ते खरंच होतं.

नंदुरबारला दवाखान्यात नातू झाला. तिसऱ्या दिवशी दोघांना घरी आणलं. पाचव्या दिवशी उपकेंद्राची सिस्टर स्कूटीवरून आली. तिने बाळाचं वजन केलं, लेकीचे टाके पाहिले आणि मग लेकीच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. तेच जावयाच्याही फोनमध्ये टाकलं. जावई त्या दिवशी नवापूरहून आलेला होता. तिथे कोंबड्यांच्या फार्मवर देखरेखीला असतो. सिस्टरने समजावलं ते असं, की रोज दुपारी चारला फोन वाजेल, पाच प्रश्न विचारेल, आणि प्रश्नांखाली पाच चेहरे असतील, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. जसं वाटत असेल त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. ते तिच्याकडे आणि नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंकडे जाईल. बाळंतपणानंतर कधी कधी मन खचतं, बाईचं खचतं तसं बापाचंही खचतं, आणि वेळेवर कळलं तर उपाय असतो.

मी म्हणालो, माझ्या घरात आल्यावर मन खचायला काय झालं? एवढं तूप, एवढी माणसं. आणि बापाला कशाला विचारायचं, त्याने काय केलं? सिस्टर हसली नाही. जावई जमिनीकडे पाहत बसला होता. जाताना सिस्टर एवढंच म्हणाली, "बाबा, तिचं तिला भरू द्या."

ती गेल्यावर म्हातारीने, म्हणजे माझ्या बायकोने, लेकीच्या हातातून फोन काढून घेतला. हाही आमचा ठरलेला नियम. सव्वा महिना बाळंतिणीने डोळ्याला ताण द्यायचा नाही. शिवण नाही, वाचन नाही, टीव्ही नाही. आता त्यात फोन आला. डोळे जातात म्हणतात. कानाला फडकं, खिडकी बंद, खोलीत धुरी. त्या खोलीत सव्वा महिना पुरुषमाणसाने पाऊल टाकायचं नाही. फोन म्हातारीने माझ्या हातात दिला, आणि मी तो बंडीच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी चारला तो वाजला. मी ओट्यावर बसलो होतो; समोर अंगणात मिरची वाळत घातली होती. मी प्रश्न वाचला. आज हसू आलं का? झोप लागली का? जेवण गेलं का? बाळाला घेतल्यावर कसं वाटलं? आत जाऊन विचारायचं तर मला आत जायचं नव्हतं, आणि दाराबाहेरून बापाने पोरीला विचारायचं का, की बाई तुला हसू आलं का? मी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. चारही ठिकाणी. पाचवा प्रश्न जरा मोठा होता. स्वतःला किंवा बाळाला काही करून बसू, असा विचार मनात आला का? तिथे चेहरे नव्हते, शब्द होते. कधीच नाही, कधी कधी, रोज. मला त्या प्रश्नाचा राग आला. मी कधीच नाहीवर बोट ठेवलं. फोनवर हिरवी खूण आली आणि खाली धन्यवाद.

शाळेत माझी पाटी गुरुजींनी फक्त एकदा वर धरून वर्गाला दाखवली होती. ती हिरवी खूण पाहून मला ते आठवलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

मग रोज तेच. चार वाजायच्या आधीच मी चष्मा पुसून बसायचो.

पहिल्या रविवारी जावई आला. खोलीच्या दारात उभा राहून बायकोशी बोलायचा प्रयत्न केला, आतून हं आणि नही याच्यापलीकडे काही आलं नाही. मग तो ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसला. शेजारचे दोघं तिथे बसलेले होते, तरी त्याने विषय काढला. म्हणाला की त्याला झोप लागत नाही, छातीत धडधडतं, त्याने अ‍ॅपमध्ये खरं तेच भरलं आणि सिस्टरने त्याला दोनदा फोन करून विचारपूस केली.

मी म्हणालो, "पाव्हना, बाळंतपण पोरनं व्हयनं का तुमनं? लाडू तुमले बी देऊत का?"

शेजारचे खो खो हसले. एकाने त्याच्या कानाला फडकं बांधायची गोष्ट काढली. जावई हसला नाही, रागावलाही नाही. थोड्या वेळाने माझ्याकडे पाहून म्हणाला, सिस्टर सांगत होती की तुमच्या पोरीचं रोज छान येतं, मामा. रोज सारखंच छान. मी मान डोलावली. मला ते कौतुक वाटलं. मग त्याने विचारलं, तिचा फोन कुठे असतो. मी म्हणालो, घरातच असतो. हे खोटं नव्हतं. माझा खिसा घरातच होता.

आता इळ्याचं सांगतो.

बाळाच्या उशाखाली लोखंड ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. बाहेरचं काही बाळाला लागू नये म्हणून. म्हातारीने बाजरी कापायचा जुना इळा ठेवला होता. त्याच इळ्याखाली माझी सगळी लेकरं वाढली. दहाव्या दिवशी तो इळा खिडकीच्या फळीवर सापडला. म्हातारीला वाटलं, झाडताना तिनेच ठेवला असेल. तिने परत उशाखाली सरकवला. दोन दिवसांनी तो न्हाणीत बादलीखाली सापडला. लेकीला विचारलं तर ती काही बोलेना. म्हातारीने परत ठेवला. मग तो धान्याच्या कोठीमागे सापडला.

तेव्हा म्हातारी घाबरली. ओट्यावर येऊन माझ्या कानाशी लागली. बाहेरची बाधा लोखंडाला भिते, आणि पोर लोखंड दूर टाकते, म्हणजे हिलाच काहीतरी लागलं आहे. आणखी एक गोष्ट तिने तेव्हाच सांगितली. बाजेखाली फडक्यात बांधलेले डिंकाचे लाडू सापडले होते, आठ-दहा दिवसांचे, एकालाही दात न लावलेले. आणि बाळ रडलं तरी पोर हात पुढे करत नाही, म्हातारीने उचलून छातीशी लावलं तर पाजते, आणि पाजताना डोळे मिटून घेते.

भगताला बोलवू का, म्हणाली. मी नाही म्हणालो. भगत आला म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला कळणार. मग सिस्टरला सांगू का, म्हणाली. मी त्यालाही नाही म्हणालो. तेव्हा म्हातारीने तिला सुचलं ते केलं. इळा परत उशाखाली ठेवला, सोबत अडकित्ताही ठेवला.

त्या दिवशी चारला फोन वाजला तेव्हा पाचव्या प्रश्नावर माझं बोट थांबलं. हे मी लपवणार नाही. इळा माझ्या डोक्यात होता. प्रश्न मी दोनदा वाचला. दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं तर स्कूटी येईल, मागून दवाखान्याची गाडी येईल, माझ्या दारात उभी राहील आणि चौकातली माणसं बघत बसतील. फोन विचारत होता पोरीबद्दल, आणि मी विचार करत होतो दाराचा. कधीच नाहीवर बोट ठेवलं. हिरवी खूण आली. त्या दिवशी ती पाहून काही बरं वाटलं नाही. पण मी तसाच पुढे चार दिवस तेच करत राहिलो. मला एकदा धरलेलं सोडता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

अठरावा दिवस होता फोन माझ्याकडे आल्याला. म्हातारी पिठाच्या गिरणीवर गेली होती. मी ओट्यावर, चष्मा पुसत. चारला थोडा वेळ होता. आत बाळ रडत होतं. रडू दे, म्हटलं, घेईल माय. ते रडतच राहिलं. आवाज चढत गेला, मध्ये दम लागल्यासारखा तुटायचा आणि परत चढायचा. मी दोनदा उठलो, दोनदा बसलो. मग रडणं एकदम थांबलं.

सगळं अंगण शांत झालं. मी कान लावून बसलो. आणि खोलीची बंद खिडकी धाडकन उघडली आणि इळा बाहेर आला. हवेत फिरून माझ्यापासून चार हातांवर, वाळत्या मिरचीत पडला.

मी पाहिलं, पात्यावर काही आहे का. नव्हतं. तरी मी आत धावलो. उंबरा ओलांडताना सव्वा महिना, पुरुषमाणूस, यातलं काही आठवलं नाही.

बाळ बाजेवर होतं. मूठ तोंडात घालून चोखत होतं, डोळे उघडे. लेक खोलीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून उभी होती. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरलेले. मी तिला अठरा दिवसांत पहिल्यांदा उजेडात पाहिलं. गाल बसलेले होते.

"आबा, त्याले उचला," ती म्हणाली. "आनि तो इळा परत आनू नका."

मी बाळ उचललं. विचारलं, "इळानं काय भ्याव, बेटा?"

"इळानं नही. मन्हाच हातेसनं भ्याव वाटस."

मला समजलं. तरी मी तिच्याकडे असा पाहत राहिलो की जणू ती दुसरंच काही बोलेल. तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला.

तिने मान वर केली. तो आवाज ती रोज ऐकत होती, बंद खिडकीच्या आतून. तिने विचारलं, रोज वाजायचं ते हेच का. मी सांगितलं. सिस्टरचे प्रश्न, चेहरे, सगळं.

"आनि मी काय सांगं रोज?"

"तू रोज हसे," मी म्हणालो.

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती भिंतीला पाठ घासत खाली बसली. म्हणाली, "मंग आते विचारा."

मी उंबऱ्याशी बसलो, एका हातात बाळ, दुसऱ्या हातात फोन. चष्मा बाहेर ओट्यावरच राहिला होता, पण प्रश्न मला पाठ झाले होते. मी एकेक विचारत गेलो, ती सांगत गेली आणि ती सांगेल तिथे मी बोट ठेवत गेलो. झोप नाही. जेवण नाही. बाळाला घेतल्यावर भीती. मग शेवटचा प्रश्न आला. मी तो पूर्ण विचारला. पोरीसमोर तो प्रश्न मोठ्याने बोलण्याइतकं कठीण काम मी आयुष्यात केलेलं नाही.

"रोज," ती म्हणाली.

मी रोजवर बोट ठेवलं. हिरवी खूण आली नाही. पडदा लाल झाला आणि त्यावर लिहून आलं की एकट्या राहू नका, कोणीतरी लगेच बोलेल. मी ते तिला वाचून दाखवलं.

थोड्याच वेळात सिस्टरचा फोन आला. बाळ कोणाकडे आहे, तिच्याजवळ कोण आहे, हे आधी विचारलं. धारेच्या वस्तू काढा, तिला क्षणभर एकटी सोडू नका, बाळाला आणि तिला घेऊन नंदुरबारला निघा, मी डॉक्टरांना कळवते. मग थांबून म्हणाली, "काल तर सगळं चांगलं होतं ना, बाबा?"

"काल मी भरं," मी म्हणालो. "रोज मीच भरं."

मग ती म्हणाली, "बोलू आपण नंतर. आधी गाडी काढा."

म्हातारी पिठाचा डबा घेऊन आली तर मी आत बसलेला. मी निघायचं सांगितलं तेव्हा ती दारात आडवी झाली, की सव्वा महिना झाला नाही, ओली बाळंतीण उंबरा ओलांडत नाही, वारा लागेल, लोक काय म्हणतील. लोक काय म्हणतील हे ती माझ्याकडूनच शिकली होती. मी तिला बाजूला केलं. उशाखालचा अडकित्ता काढून खिशात टाकला आणि शेजाऱ्याची जीप मागवली. त्या रविवारी माझ्यासोबत हसला होता, तोच शेजारी.

चौकात जीप थांबवून लोकांनी विचारलंच, की काय झालं. तपासणीला चाललो, हे माझ्या जिभेवर तयार होतं. मागे लेक माझ्या पाठीकडे पाहत होती. मी मान वळवली नाही, तरी मला ते कळत होतं.

"पोर बरी नही," मी म्हणालो. "मनना आजार शे. दवाखानामा लई जाई ऱ्हायनू."

त्यांनी रस्ता सोडला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई वाट पाहत होत्या. त्या वयाने माझ्या लेकीएवढ्याच. लेकीला आत घेऊन त्या बराच वेळ बोलल्या. बाहेर आल्यावर आम्हाला सांगितलं की हा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो, बऱ्या घरच्या पोरींनाही होतो, औषधाने बरा होतो, पण वेळ लागेल. काही दिवस इथेच ठेवू. पोर इळा दूर टाकत राहिली ते तिने फार चांगलं केलं, असं त्या म्हणाल्या. म्हातारी हे ऐकून पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली.

जावई अंधार पडायच्या आत नवापूरहून पोचला. अंगावर फार्मचेच कपडे. मी त्याला व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि सांगितलं की फोन माझ्या खिशात होता.

"माले वाटेच, मामा," तो म्हणाला.

"मंग बोलनात का नही?"

"कोठे बोलतू? तुमना ओटावर?"

तो आत गेला, मी बाकावर बसलो. माफी मागायची मला सवय नाही. त्या दिवशीही मागता आली नाही. सकाळी उठून मी त्याच्यासाठी चहा आणला, आणि त्याला झोप लागली का, ते विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी चेष्टा करतो आहे का ते पाहिलं, आणि नाही म्हणाला. मग आम्ही चहा प्यालो.

नऊ दिवसांनी लेकीला घरी आणलं. खिडकी उघडी ठेवली. इळा मी म्हातारीच्या समोरच शेतातल्या खोपीत नेऊन टाकला. ती पुटपुटली, पण आडवी आली नाही. बाळाजवळ आळीपाळीने कोणीतरी बसायचं, औषध वेळेवर द्यायचं, असं सिस्टरने कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद मी भिंतीला लावला. सव्वा महिना उलटला, सासरचे आले. तिच्या बसलेल्या गालांकडे त्यांनी पाहिलं, आणि विहीणबाई काय ते बोलल्यासुद्धा. मी ऐकून घेतलं. जावयाने आपल्या आईला सांगितलं की ती आणखी दोन महिने इथेच राहील. मला तोंड उघडावं लागलं नाही.

फोन आता तिच्याकडे असतो. चारला वाजला की मी ओट्यावरून उठत नाही आणि आत पाहत नाही, मिरचीकडे पाहतो. ती काय भरते ते मला माहीत नसतं. एकदा मात्र ती फोन घेऊन दारापर्यंत आली, बाळ खांद्यावर होतं, तिने स्वतः घेतलेलं. न विचारता फोन माझ्यापुढे धरला. मी चष्मा लावला. पाच चेहऱ्यांतला मधला उठून दिसत होता, ना हसरा ना रडका, नुसती सरळ रेघ ओढलेलं तोंड.

"आज इतलंच, आबा," ती म्हणाली.

मी म्हणालो, बरं.

दुसऱ्या दिवशी चारला वाजून गेल्यावर थोड्या वेळाने सिस्टरचा फोन आला, म्हणजे आज चेहरा रडक्याकडचा होता. आत लेक हळू आवाजात तिच्याशी बोलत होती. बराच वेळ बोलत होती. बाळ कुरकुरायला लागलं तसा मी आत गेलो आणि त्याला घेऊन बाहेर येऊन बसलो.